मार्थाताईंचा शेवटचा उपास

मार्थाताई गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते, आणि त्याचंच मला जास्त दुःख आहे. दीड महिना झाला. लोक म्हणतात, बाई, तुमी लई केलं त्यांचं.

डोंगरकडा गावात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. मी शाळेत बाई, त्या दवाखान्यात सिस्टर. नव्वदच्या सुमाराला जालन्याकडून बदलून आल्या आणि इथल्याच झाल्या. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकटीचं. महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीनं नांदेडच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला जायच्या, तेही निरंकार. चहा सोडा, पाण्याचा घोटही नाही. आजीनं लहानपणी लावलेली शिस्त. मी चिडायचे, ‘‘काहून एवढी तकलीफ जिवाला?’’ त्या पदर खोचत म्हणायच्या, ‘‘देव येनार असतो ना बाई. त्याच्या आधी दुसरं कशाला पोटात?’’

एकदा हौसेनं मीही गेले. लोक रांगेनं पुढं जाऊन ती पिठाची पांढरी चकती घेऊन राहिले होते. देवाच्या दारचा प्रसाद, नाही कसं म्हणायचं? मीही उभी राहिले. तर मार्थाताईंनी दंडाला धरून मला चारचौघांत बाजूला ओढलं! परतीच्या गाडीत मी तोंड फिरवून बसले. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, ‘‘आमच्या घरची पुरणपोळी तुमाला चालते, आन् तुमचा प्रसाद आमाला न्हाई व्हय?’’ त्यांचे डोळे भरून आले. ‘‘प्रसाद असता तर माझ्या वाटणीचा दिला असता बाई. तो प्रसाद न्हाई... तो सोता हाय. त्याला मी कशी वाटू?’’ मला काही उमगलं नाही. पीठ ते पीठ, असंच मनात आलं. पण ही बाई खोटं बोलत नाही, एवढं मात्र कळलं.

मग पोटाचं दुखणं आलं. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटलं, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. चार महिने मिस्सा नाही. त्यांचा एकच घोर, जायच्या आधी एकदा तो भेटावा. मी नांदेडच्या फादरांना फोन केला. गुरुवारी दहापर्यंत त्याला घेऊन येतो, म्हणाले. त्या दिवशी ताईंनी माझ्याकडून वेणी घालून घेतली, धुवट पांढरं लुगडं नेसवून घेतलं. दहा वाजले, अकरा वाजले. गाडी वाटेत बंद पडल्याचा निरोप आला. बारापर्यंत ओठांना चिरा पडल्या. मी ग्लास पुढं केला, ‘‘घोटभर घ्या हो.’’ त्यांनी मान हलवली. ‘‘आलाच असंल तो...’’ मी जन्मभर एकादशी धरणारी. दुसऱ्याचा उपास मोडणं पाप, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी ग्लास खाली ठेवला. दीडला त्या गेल्या.

दोनला फादर आले, उन्हात स्टँडपासून पळत, छातीशी धरलेल्या चकतीच्या डबीवर हात ठेवून. मी ओरडले, ‘‘आता तरी ठेवा तिच्या ओठावर!’’ ते कळवळून म्हणाले, ‘‘आता देता येत नाही, बाई.’’ मी सांगितलं, सकाळपासून निरंकार होत्या. ते थबकले. ‘‘पाणीसुद्धा नाही? अहो, पाण्यानं हा उपास मोडत नाही. आणि आजारी माणसाला तर...’’ पुढचं त्यांनी गिळलं. मी खाली ठेवलेल्या त्या भरल्या ग्लासाकडं बघितलं. त्यांनी खाटेजवळच्या टेबलावर पांढरा रुमाल अंथरला, डबी ठेवली आणि गुडघे टेकले. मी विचारलं, ‘‘हाय का तो आत?’’ ‘‘आहे,’’ ते म्हणाले. मग मीही टेकले. पीठ ते पीठ म्हणायची हिंमत त्या दिवशी माझ्यात नव्हती.

खोली अजून रिकामीच आहे, किल्ली माझ्याकडे. झाडायला म्हणून जाते आणि त्या टेबलापुढं थांबते. डबी फादर त्याच दिवशी घेऊन गेले, तिथं काही नाही, मला ठाऊक आहे. तरी सांगते त्याला... ती तुझ्यासाठी थांबली होती रे. बाकीचं मागून. तिला आधी पाणी पाज.