खांबामागची सीट

आधीच सांगून टाकते. हे सदर मी नेमाने वाचते, पण निम्म्याहून जास्त अनुभव वाचून "काहीतरीच हं!" म्हणते आणि फोन बाजूला ठेवते. उभा जन्म सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलाय मी. कुणी येऊन म्हणालं, "स्क्रीनवर मघाशी काहीतरी विचित्र दिसलं," की माझा एकच प्रश्न — परत करून दाखव. नाही जमलं? मग चल, कामाला लाग. भुतंखेतं, आत्मे, संकेत... छे! आणि आज मीच लिहायला बसलेय, आणि "परत करून दाखवा" म्हणालात तर मला ते दाखवता येणार नाहीये. हसा खुशाल.

मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहते. एकटी. लग्न केलं नाही, आणि त्यामागे काही फिल्मी कारण वगैरे नाही. माझ्यापासून दोन दारं सोडून वसुधा राहायची. मूळची नागपूरची. नवरा गेलेला, मुलगा निखिल टेक्सासला. आम्ही मैत्रिणी झालो त्या नाटकामुळे. महाराष्ट्रातून नाटकं येतात ना इकडे दौऱ्यावर, कुठल्यातरी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये प्रयोग असतो, बाहेर मंडळवाले बटाटेवडे विकत असतात... त्यातलं एकही नाटक आम्ही सोडलं नाही. ड्राइव्ह मी करायची, बडबड ती.

आमची एक पद्धत होती. मध्यंतरानंतर जागा बदलायच्या. पहिला अंक मी डावीकडे, दुसरा अंक ती. कारण एकीच्या पुढे हमखास कुणीतरी ताडमाड माणूस येतो, आणि वसूचं म्हणणं, "तू एकटीच काहून मजा करून राहिली? अर्धं तू पाहा, अर्धं मी पाहते." एकदा मी वड्याच्या नादात विसरले तर घरी येईपर्यंत बाई गाल फुगवून बसल्या होत्या. वयाच्या साठीत! नाटक संपलं की गाडीतच चर्चा सुरू. फ्रीवे संपायचा, घर यायचं, तरी आम्ही पार्किंगमध्ये बसून भांडत असायचो, की त्या सुनेने शेवटी माफ करायला हवं होतं की नव्हतं.

मी रिटायर झाल्यावर आम्ही दोघींनी इथल्या कम्युनिटी कॉलेजात थिएटरच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणि मागच्या बाकावर आम्ही दोन काकवा. त्या कॉलेजचा ग्रुप उन्हाळ्यात ब्रिटनला जातो — नाटकं बघायची, जुनी थिएटरं बघायची, अधूनमधून किल्ला, म्युझियम. आम्हालाही घेतलं. वसूने तर आनंदाच्या भरात दोन रेनकोट आणले, दोन्ही भडक पिवळे.

आणि मग ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग आमच्या रस्त्याचं नाव. निदान झालं तेव्हा खूप उशीर झाला होता. निखिल येऊन तिला त्याच्या घरी, टेक्सासमधल्या फ्रिस्कोला घेऊन गेला. बरोबरच केलं त्याने. एअरपोर्टवर तिने मला विचारलं, "तुमचं पण टेक्सासला कुणी आहे का?" तिने मला अहो-जाहो केलं. मी गाडीत येऊन इतकी रडले की पार्किंगवाल्या माणसाने काच वाजवली.

ट्रिप कॅन्सल करणार होते. निखिल म्हणाला, "काकू, प्लीज जा. आईला आवडलं असतं." गेले. नाटकांची तिकिटं ग्रुपने खूप आधीच काढलेली होती, म्हणजे प्रत्येक थिएटरमध्ये माझ्या शेजारची सीट वसूची. ती रिकामी. प्रोफेसर बाई म्हणाल्या, कुणालातरी बसवू का तिथे? मी म्हटलं, नको, कोट ठेवायला होईल.

खरं सांगते, इतकं एकटं मला फ्रीमाँटच्या घरातही कधी वाटलं नव्हतं. पोरं चांगली होती हो. तन्वी म्हणून एक आपली मराठी मुलगी होती, अमेरिकेतच जन्मलेली. ती रोज विचारायची, "काकू, वी आर गोइंग आउट, यू वाँट टू कम?" आणि विचारताना तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, की ही हो म्हणाली तर पंचाईत. मी म्हणायची, "तुम्ही जा गं." बसमधून उतरून किल्ला बघायचा, सगळे एकमेकांचे फोटो काढतायत, मी भिंतीचे फोटो काढतेय. नाटक संपलं की खोलीत येऊन फ्रीमाँटहून आणलेला चिवडा खायचा. नाटकाबद्दल बोलायला कुणी नाही. नाटक बघून गप्प बसायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते ज्याला नाटकाचं वेड आहे त्यालाच कळेल.

पहिली गोष्ट लंडनला झाली. तिकडे एक छान पद्धत आहे — मध्यंतरात काय प्यायचं ते नाटक सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवायचं. मध्यंतरात बाहेर आलं की भिंतीच्या कठड्यावर तुमच्या नावाच्या चिठ्ठीसकट तयार. मी चहा सांगितला होता. एक. बाहेर येऊन बघते तर माझ्या नावापुढे दोन कप. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, चूक झाली बहुतेक. तर ती म्हणाली, "नाही, तुम्ही दोघींसाठी दोन सांगितलेत ना?" मी म्हटलं, असेल, माझ्याच तोंडून सवयीने दोन निघालं असेल. वर्षानुवर्षं दोनच सांगत आले होते. एक प्यायले, दुसरा तसाच ठेवून आत गेले. यात अमानवीय काही नाही, असं मी आजही म्हणते.

दुसरी गोष्ट मात्र...

शेवटच्या आठवड्यात आम्ही समुद्रकाठच्या एका गावात होतो. लहानसं, खूप जुनं थिएटर. वरची बाल्कनी लोखंडी खांबांवर पेललेली, आणि ते खांब सरळ प्रेक्षकांच्या मध्ये. दुपारचा प्रयोग होता. नाटक असं — एक म्हातारी एकटी राहते. तिचा घर सोडून गेलेला मुलगा दाराबाहेर येऊन उभा राहतो, आणि ती दार उघडत नाही. अख्खं नाटक दोघं बंद दाराच्या दोन बाजूंनी बोलतात. बस्स. पण काय सांगू, नुसती धरून ठेवतात तुम्हाला.

मध्यंतरात मी कोट उचलायला शेजारच्या सीटवर वाकले तेव्हा लक्षात आलं, की तिथून बरोब्बर स्टेजवरचं दार खांबाआड जातंय. म्हटलं, बरं झालं इथे कुणाला बसवलं नाही. बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्लं, परत येऊन माझ्याच जागेवर बसले, कोट मांडीवर घेतला. बेल झाली. दाराशी एक वयस्कर डोअरकीपर उभा होता, पांढऱ्या मिशांचा. तो दार लावेना. माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीसाठी थांबू का थोडं? की त्या दुसऱ्या बाजूने येऊन बसल्या?"

मी म्हटलं, "मी एकटीच आहे."

त्याने शेजारच्या सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माफ करा हं," म्हणाला, आणि गेला. मीही वळून त्या सीटकडे बघितलं, खोटं कशाला बोलू. मग मनात म्हटलं, म्हातारा आहे, गोंधळला असेल. दिवे गेले. शेवटी ती बाई उठते, दारापर्यंत जाते, कडीवर हात ठेवते, खूप वेळ तशीच उभी राहते... आणि उघडते. मी हमसून हमसून रडले. तन्वीने मागच्या रांगेतून टिश्यू दिला.

परत आल्यावर सगळ्यात आधी फ्रिस्कोला गेले. एक गोष्ट नीट लक्षात घ्या — ट्रिपमध्ये मी निखिलला "पोचले" आणि "परत आले" एवढेच मेसेज केले होते. थिएटरमध्ये फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे आतले फोटो नाहीत. त्या नाटकाबद्दल मी कुणाशी, म्हणजे कुणाशीही, बोलले नव्हते. बोलायला होतं कोण?

दुपारची वेळ होती. लख्ख ऊन. वसू खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. खूप वाळली होती. निखिल म्हणाला, "काकू, वाईट वाटून घेऊ नका हं, हल्ली ती माझ्याशीही बोलत नाही. महिनाभरात एक पूर्ण वाक्य नाही." मी तिच्या शेजारी बसले, आणलेला बिस्किटांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. आपली इकडचं-तिकडचं बोलत राहिले, हवा कशी आहे, विमान कसं लेट झालं. तिचं लक्ष बाहेर.

आणि एकदम तिने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. डोळे तेच, आमच्या फ्रीमाँटच्या वसूचे, भांडायच्या तयारीतले.

"शैले, मध्यंतरानंतर जागा नाही बदलली तू," ती म्हणाली. "अख्खं नाटक मी खांब पाहून राहिली होती."

निखिल फोन बघत बसला होता, तो ताडकन उठला.

"त्या बाईनं दार उघडलं का गं शेवटी?" वसूने विचारलं. "मला दिसलंच नाही."

मी कशीबशी म्हटलं, "उघडलं, वसू. उघडलं तिने."

"मुलगा होता का बाहेर अजून? का गेला कंटाळून?"

"होता. उभाच होता."

"मग ठीक आहे बाप्पा," ती म्हणाली. "मी आपली काळजी करून राहिली होती." आणि बिस्किटाचा डबा हातात घेऊन त्यावरचं चित्र बघत बसली. मी हाका मारल्या, "वसू, अगं वसू!" तिने वर बघितलं ते परक्या माणसाकडे बघावं तसं. मला म्हणाली, "घ्या ना तुम्ही पण." परत अहो-जाहो.

निखिल पांढरा पडला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो इंजिनिअर, मी टेस्टर, आम्ही दोघांनी डायनिंग टेबलवर बसून सगळ्या शक्यता काढल्या. तो म्हणाला, "तुम्ही दोघींनी इकडेच कधीतरी खांबामागून नाटक बघितलं असेल, काकू. तिला आता कुठलं कधीचं ते कळत नाही." पण इथल्या हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये खांब नसतात हो. आणि ते दार? तो बाहेर उभा मुलगा? निखिलने डोकं धरलं. म्हणाला, "आय डोन्ट नो, काकू. आय रिअली डोन्ट नो." आणि मग हळूच म्हणाला, "तिने तुम्हाला नावाने हाक मारली. मला एकदा मारली असती तर..." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर मी अनेकदा जाऊन आले. नाटकाचा विषय काढून बघितला, दार म्हटलं, खांब म्हटलं. काही नाही. तुम्ही म्हणाल, अशा आजारात एखादा क्षण लख्ख येतो, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मान्य. पण लख्ख क्षणात माणसाला स्वतःचं आठवेल. जे तिने बघितलंच नाही ते कसं आठवेल? कुणाकडे उत्तर असेल तर ऐकायला आवडेल, पण कृपा करून मला लिंबू-मिरची सुचवू नका.

भीती वाटते का, असं तन्वीने विचारलं मला. नाही गं, भीती कसली? माझा जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीने. त्या सगळ्या प्रवासात मी प्रत्येक थिएटरमध्ये तोंड मिटून बसले, खोलीत येऊन रडले, की शेजारी कुणी नाही, बोलायला कुणी नाही. आणि ती होती. दिवे गेल्यावर मी एकदा नुसतं तिकडे झुकून म्हटलं असतं ना, "वसू, कसं वाटतंय गं?"

मी एकदाही म्हटलं नाही.