शनिवारची मोजणी

एर्मेलिंदा ओरोस्को कुणाकडे जेवायला गेली, की आपलं ताट आपण घासूनच उठायची. घरची बाई "राहू द्या हो" म्हणत हात धरायची, पण ही कसली ऐकते! वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांच्या खोऱ्यात आमची मेक्सिकन वस्ती आहे. ती सगळीच या वळणाची, पण एर्मेलिंदा चार पावलं पुढं. आणि याच चांगल्या वळणापायी एकदा तिचा शनिवार हातचा जायची वेळ आली.

शनिवार म्हणजे वाचनालय. आठवडाभर ती सफरचंदं निवडायच्या शेडमध्ये उभी असायची. सुटायची तेव्हा वाचनालयाला कुलूप लागलेलं, आणि रविवारी ते बंदच. राहता राहिली शनिवारची दुपार. शेजारच्या दुकानात यंत्रात कपडे टाकायचे आणि ते धुऊन वाळेपर्यंत आत जाऊन बसायचं, असं ते सुरू झालं. तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. मेक्सिकोत मिचोआकानमधल्या तिच्या गावात शाळा होती, पण घरात धाकटी पाच भावंडंही होती, म्हणजे शाळेचं काय झालं ते कळलंच.

नुसतं बसून राहणं तिच्या रक्तात नाही. लोकांनी टेबलावर टाकलेली पुस्तकं तिला बघवेनात. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर तीन अक्षरांची पट्टी होती. कपाटात तसलीच पट्टी शोधायची आणि तिथं पुस्तक खोचायचं. निवडायचा हात तिचा, त्यामुळे तीनशे पट्ट्या तिच्या डोळ्यांत बसल्या. पट्ट्यांवरून अक्षरं सुटी झाली, अक्षरांवरून नावं, आणि दोन वर्षांनी एका दुपारी तिनं गोष्टीचं एक अख्खं पान वाचलं. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? वस्तीला वाटत होतं, बाई पुस्तकं लावते म्हणजे चांगली शिकलेली असणार. तिनंही तसंच वाटू दिलं.

मग तिनं सगळ्यांना शिस्त लावली. पुस्तक टेबलावर टाकून कुणी निघालं, की हिची नजर पाठीत घुसलीच. तिच्या मुलीचा धर्मपिता अबुंदिओ दर शनिवारी घोड्यांच्या चित्रांचं पुस्तक घेऊन बसायचा. तो तिला कोमाद्रे, म्हणजे मुलीच्या बाप्तिस्म्यानं जोडलेली नातलग, न म्हणता फौजदारीणबाई म्हणायचा, पण पुस्तक मुकाट तिच्या हातात द्यायचा. घरी पुस्तक सहसा कुणी नेत नसे. दोन खोल्यांत नऊ माणसं, त्यात पान फाटलं तर तोंड कुठं लपवायचं? इथंच वाचायचं, जागेवर ठेवायचं, टेबल हातानं पुसायचं आणि निघायचं.

वाचनालयाची बाई नोएमी, वय सत्तावीस, पोर फार गोड. तिनं टेबलांवर पाट्या लावल्या होत्या: पुस्तकं इथंच राहू द्या. वाचता येणाऱ्यांनी त्या बाकीच्यांना वाचून दाखवल्या आणि सगळ्यांना कौतुक वाटलं. यजमानीण "ताटं राहू द्या" म्हणते ती मानाची बोली असते. ती खरी धरून उठून जाईल असा निलाजरा आमच्यात कोण आहे?

एप्रिलमध्ये वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. नोएमीनं एर्मेलिंदाला बाजूला घेऊन सांगितलं, की शनिवार बंद करायचा विचार आहे. इथून पुस्तकं घरी जात नाहीत, आणि इथं बसूनही कुणी वाचत नाही असं आकडे म्हणतात.

"वाचत नाही? खुर्ची मिळत नाही बसायला!" एर्मेलिंदा म्हणाली.

"डोन्या एर्मेलिंदा, वाचलेली पुस्तकं मी मोजते ती टेबलावर राहिलेली. संध्याकाळी मी मोजायला येते तेव्हा टेबलं लख्ख असतात. कधी शून्य, कधी दोन. खोटा आकडा मी लिहिणार नाही. येत्या शनिवारची मोजणी शेवटची."

एर्मेलिंदानं त्या लख्ख टेबलांकडे पाहिलं. सात वर्षं तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचा शनिवार पुसून टाकला होता.

शनिवारी तिनं प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगितलं, की आज लावू नका. लोक हसले. तुम्हीच शिकवलंत आणि आता परीक्षा बघता होय, म्हणाले. तिनं मन घट्ट करून आपलं पुस्तक टेबलावर सोडलं आणि कपडे बघून आली. परत येते तो टेबल लख्ख! कोपऱ्यातल्या एका वयस्क बाईनं ते जागेवर लावून टाकलं होतं, आणि वर हिच्याकडे बघून प्रेमानं मान हलवली.

आता मात्र एर्मेलिंदा मधोमध उभी राहिली. तोंड लाल झालं होतं.

"ऐका. मी इथं आले तेव्हा मला माझं नावही वाचता येत नव्हतं. तुम्ही मला शिकलेली समजलात, मी समजू दिलं. ही पुस्तकं लावता लावता मी शिकले. शनिवार गेला तर माझी शाळा गेली, आणि या वयात दुसरी कोण घेणार मला? ग्वादालुपेच्या देवीमातेची शपथ आहे तुम्हाला, आज पुस्तकं टेबलावर टाका."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातली ती वयस्क बाईच आधी उठली, मघाचं पुस्तक काढून आणलं आणि परत टेबलावर ठेवलं. मग एकेक करत टेबलं भरू लागली. किती अवघड गेलं असेल सगळ्यांना! काही जण दारापर्यंत जाऊन मागं वळून बघत होते. निम्मे तर घरी गेलेच नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. नोएमीनं मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. दोनशे सोळा. महिन्याभरानं पत्र आलं, शनिवार राहिला.

पण त्या संध्याकाळी मोजणी झाली, नोएमीनं "आता लावा" म्हटलं, आणि भिंतीपाशी थांबलेली सगळी माणसं पुस्तकांवर तुटून पडली. एर्मेलिंदाही उठली. तिच्यासमोर अबुंदिओ टोपी काढून उभा होता. घोड्यांचं पुस्तक त्यानं आज तिच्या हातात दिलं नाही, स्वतःच्या छातीशी धरलं होतं.

"कोमाद्रे," तो हळूच म्हणाला, "हे कुठं लावायचं ते आज मला दाखवा. मलाही येत नाही."

तिनं त्याचं बोट धरलं आणि पट्टीवरच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं.