चित्र बिघडवणारे गुरुजी

हातखंब्याच्या फाट्यावर गाडी आली तेव्हा आईने माझी बॅग वर चढवू दिली, पण हात सोडला नाही. "पोचलीस की कळव गो," एवढंच म्हणाली. तिच्या मागे ताई उभी होती, शाळेतून अर्धी रजा टाकून आलेली. नवऱ्याची नोकरी कॅनडात, म्हणून मी निघाले होते. दोन वर्षांत परत येऊ, असं मी म्हणाले होते. बारा झाली.

मधे आई गेली. त्या वर्षी विमानं बंद होती, मला येता आलं नाही. ताईने सगळं एकटीने केलं. त्यानंतर आमचे फोन कोरडे झाले. जेवलीस का, पाऊस आहे का, ठेवते.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरात अडकले. खिडकीबाहेर दिवसचे दिवस नुसतं पांढरं. रंगांची भूक लागावी असं. मी वॉटरकलरची पेटी मागवली आणि शिकवणारे व्हिडिओ शोधू लागले. एकाने दहा मिनिटांत बर्फाचा डोंगर उभा केला. माझ्या कागदावर चिखल झाला. दुसरीने आधी चौदा ब्रश आणायला सांगितले. तिसऱ्याचं संगीत इतकं गोड, की माझा डोळाच लागला. कुठला धरावा कळेना, म्हणून तिन्ही ताईला पाठवले. जन्मभर पोरांना शिकवून ती आता निवृत्त झालीय.

तिचा फोन आला. "हे आपापली चित्रं काढतायत. शिकवत कोण नाय."

दोन दिवसांनी तिनेच एक पाठवला. म्हातारे गुरुजी, संथ मराठी. अर्धा तास एकच निळा, गडदाकडून फिक्याकडे. मधेच त्यांच्या हातून पाणी सांडलं, रंग फुटला, तरी त्यांनी ते तसंच ठेवलं होतं.

"हा धर," ताई म्हणाली. "ह्याचं पण बिघडतं."

तेव्हापासून दर रविवारी माझी सकाळ आणि तिची तिन्हीसांज एकमेकींत मिसळतात. फोन समोर उभे करायचे, व्हिडिओ एकदम लावायचा, मग बोलायचं नाही. ब्रश पाण्यात खळबळतो तो कुणाच्या भांड्यात, हेही कळेनासं होतं.

एकदा गुरुजी म्हणाले, आठवणीतली जागा काढा. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडा. मी आमच्या घरापुढचं खळं, ते सारवलेलं अंगण, काढलं. ताईनेही तेच. पण तिच्या खळ्यात एक खुर्ची होती, आणि खुर्चीत कोरा सोडलेला आकार.

"आई?" मी विचारलं.

"शेवटी तिथंच बसायची, रस्त्याकडे तोंड करून. तुला सांगितलं नाय मी. राग होता."

"माझी वाट बघायची?"

ताई ब्रश धूत राहिली. "नाय गो. ती ऊन खायची. वाट मी बघत होते."

मी ब्रश खाली ठेवला. मग म्हटलं, "विमानं सुरू झाल्यावर तरी यायला हवं होतं मी. चुकलं."

"मे महिन्यात ये," ती म्हणाली.

आपण परत जाऊ तेव्हा घर तसंच असेल, असं आम्ही दूर गेलेले सगळेच मनात धरून असतो. माझ्यामागे तिथे एक खुर्ची आली, रस्त्याकडे वळली आणि एक दिवस उचललीही गेली. ते सगळं जिच्यापाशी आहे, ती ताई म्हणजे आता माझं घर.

तिकीट काढलंय. ताईचा निरोप आलाय, "दोन चांगले ब्रश आण. इथले केस सोडतात."