हिवरखेडचं फोल्डर

उतारा, लिंबू-मिरची, अमावास्या... या सगळ्याला मी आयुष्यभर हसलो. आज बहात्तराव्या वर्षी हे लिहितोय, कारण गोष्ट माझ्याच चुकीतून निघाली. आणि ती चूक मी अठरा वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहू दिली.

मी एका बियाणे कंपनीच्या अमरावती शाखेत होतो, प्रल्हाद अकोल्याच्या मुख्य ऑफिसात. मेल सर्व्हरवर आमचं एक सामाईक फोल्डर होतं – 'हिवरखेड'. तिथल्या शेतकऱ्यांशी प्रल्हादनं नऊ वर्षं केलेला पत्रव्यवहार त्यात होता. कोणत्या वाणाला बोंडं किती, कुणाच्या वावरात पाणी कधी... सगळं.

एकदा सर्व्हर भरला. जुनं कमी करा, असा आदेश आला. प्रल्हाद कामात होता. त्यानं मला पासवर्ड दिला आणि त्याच्या खात्याची साफसफाई माझ्याकडे सोपवली. मी ती करत असतानाच त्याचा फोन – "भाऊ, हिवरखेडचं फोल्डर काढजो बरं!" लगेच ठेवला.

मी काढलं. म्हणजे डिलीट केलं. त्याला म्हणायचं होतं, उघडून तयार ठेव, साहेब अमरावतीला येतायत, त्यांना दाखवायचंय. कपाटातून फाईल काढ म्हणतो ना आपण, तसं.

सामाईक फोल्डर एकानं पुसलं की सगळ्यांचं जातं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! बॅकअपही निघाला नाही. सर्व्हरच्या नोंदीत नाव आलं प्रल्हादचं.

त्यानं एकदाच विचारलं, "तुह्या हातून तं नाही झालं ना बे?"

"मी काहून करू?"

त्यानं वर्षभरात नोकरी सोडली. दोन वर्षांपूर्वी तो गेला... मी मयतीलाही गेलो नाही.

गेल्या फेब्रुवारीत अकोल्याहून नव्या इंजिनीयरचा, अंजुमचा फोन आला.

"काका, जुन्या यादीत तुमचा नंबर सापडला. हे हिवरखेड काय भानगड आहे? रिकामं फोल्डर आहे. पुसलं की पाच मिनिटांत परत येऊन राहिलं."

"बनवलं कोणी?"

"प्रल्हाद म्हणून कोणी. पण ते खातं तर केव्हाचंच बंद!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. भर दुपारी, डोळ्यांदेखत तिनं ते पुसलं. चहा येईपर्यंत परत हजर. सेटिंग, दुसरे कॉम्प्युटर, सगळं तिनं तपासलं होतं. नेटची वायरही उपसून पाहिली होती.

"लई हट्टी दिसतात हे प्रल्हादकाका," ती हसली.

मला हसू आलं नाही. मॅनेजरला बोलावून सांगितलं, "तेव्हा फोल्डर त्यानं नाही, मी पुसलं होतं." माझ्या नावानिशी ते नोंदवायला लावलं.

मग अंजुमनं परत पुसलं. आलं नाही. संध्याकाळपर्यंत बसलो... नाहीच आलं.

नोंदीची प्रत घेऊन प्रल्हादच्या घरी गेलो. वहिनींनी दोनदा वाचली.

"त्याईले माहीत होतं, भाऊजी. तुमी सोताहून सांगान म्हणून वाट पाहून राहिले होते."

ते फोल्डर का येत होतं, का थांबलं, अंजुमला आजही सांगता येत नाही. मला तर नाहीच. पण दर सोमवारी मी तिला फोन करतो.

"आलं का?"

"नाही, काका."

"आलंच तर पुसू नको बेटा. राहू दे."