समुद्रात हंबरलं कोण

देवाचा अनुभव म्हटलं की तुमी आता मांडी ठोकून बसले असाल. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा येणार, पोराच्या डोक्यावर हात ठेवणार, अन् पोरगं पाया पडून वर बघतं तर म्हातारा गायब. त्या म्हाताऱ्याचा आवाज मला येतो काढता, "बाळा, भिऊ नको" असा, नाकातून. पण आधीच सांगतो, ह्यात तसला कोणी न्हाई. म्हातारा एक हाय, पण त्यो गायब झाला न्हाई, बंदर येईपोहोत शिव्या देत बसला. अन् एक पाच लिटरचं पिवळं तेलाचं कॅन हाय. एवढंच सामान. ज्याला उजेडबिजेड पाहिजे त्यानं उठून गेलं तरी मला राग न्हाई.

मी साखऱ्याचा. आमच्या सेनगाव तालुक्यात पाणी बघायचं म्हणजे आधी विहिरीत वाकावं लागतं. माझा नाद एकच, नकला. हेडमास्तर, कंडक्टर, कोंबडा, बकरी, पिठाची गिरणी बंद पडतानाचा आवाज, सगळं यायचं. एक बैल तेवढा जमला न्हाई. पोळ्याच्या दिवशी पोरं हटकून म्हणायची, "बैल काढ रे," मी काढला की लोळून हसायची, "हे तर आजारी रेडकू हाय." माझी माय दर सोमवारी औंढ्याला नागनाथाला जायची, अन् आली की मी तिला तिथल्या पुजाऱ्याचा आवाज काढून दाखवायचो. ती म्हणायची, "मुडद्या, देवापुढं तरी सोताच्या तोंडानं बोल." मी ते पण तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचो.

माझ्या मावशीचा पोरगा गजानन, आमचा गजूदादा, शिक्षक म्हणून कोकणात लागला व्हता. तवा आमच्याकडची लई पोरं डीएड करून तिकडंच जाऊन राहिली व्हती. दादा चिठ्ठीत लिहायचा की भात खाऊन खाऊन पोट पांढरं झालं. मंग मायनं ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी, लोणचं असं बोचकं बांधलं अन् मला धाडलं. इथपोहोत ठीक. पण यष्टी सुटायच्या टायमाला तिनं ते पिवळं कॅन माझ्या हातात दिलं. काठोकाठ पाणी, त्यात नागनाथाचं तीर्थ वतलेलं. म्हटलं, "माय, मी समुद्राला चाललो. तिथं पाणीच पाणी हाय." ती म्हणे, "असू दे. पाण्याबिगर कुठं जाऊ नको, अन् कॅन सोडू नको. परत आण म्हणजे आण." सगळ्या यष्टीला ऐकू गेलं. हिंगोलीपासून कोकणापोहोत ते कॅन माझ्या मांडीवर. कोणी बी बाजूला बसलं की विचारायचं, "तेल केवढ्याला पडलं?" डोकं उठलं माझं.

दादाच्या गावाला खाडी व्हती अन् पुढं उघडा समुद्र. दादाला तिथं जाऊन दोनच वर्षं झाली व्हती, पण बोलायचा असा की बापजादे मासे धरत आले. रविवारी म्हणे, "चल, तुला होडीतून गळ टाकायला नेतो." शाळेतल्या एका पोराच्या बापाची लहान होडी खाडीत बांधलेली व्हती, दोन वल्ह्यांची. मालक गावाला गेला व्हता, दादाला म्हणून गेला व्हता, गुरुजी, लागली तर घ्या, पण खाडीतच. सकाळी जाऊन बघतो तर खाडीचं पाणी मागं मागं जाऊन राहिलेलं, काठाला गाळ उघडा पडलेला. मला लई बरं वाटलं. दादाला पण. आता तुमीच सांगा, आमच्या तिकडल्या लांबच्या धरणाचं पाणी मागं सरलं म्हणजे काय? उन्हाळा आला, भ्या संपलं, उघड्या गाळात लोक टरबुजं लावतात, म्हशी आतपोहोत चालत जातात. पाणी हटलं म्हणजे पाण्याची ताकद गेली, एवढंच आमी जन्मापासून बघितलेलं. दादा म्हणे, "बराबर दिवस निवडला बघ, पाणीच कमी हाय आज." चौथीच्या पोरांना भरती-ओहोटी फळ्यावर चित्र काढून शिकवणारा माणूस हा! निघायच्या टायमाला मी कॅन खोलीवर ठेवून राहिलो व्हतो, पण कानात माय बोलली, तर वैतागून उचललं अन् होडीत आदळलं.

वल्हं मारायचं काम पडलंच न्हाई. होडी आपोआप चालली. आमाला वाटलं आमी लई हुशार. खाडीचं तोंड कधी मागं पडलं ते कळलं न्हाई, कारण मी उभा राहून दादाला त्याच्याच हेडमास्तरांची नक्कल दाखवत व्हतो. होडी कलंडली, मी दादावर पडलो अन् एक वल्हं पाण्यात गेलं. ते आमच्या डोळ्यासमोर तरंगत लांब गेलं, यष्टी चुकल्यावर जाते तसं. एका वल्ह्यानं होडी गोल गोल फिरते, पुढं जात न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं. किनारा बारीक व्हत चालला. दादा म्हणे, "घाबरू नको," अन् त्याचा आवाज माझ्यापेक्षा बारीक निघाला. खोलीवर कुलूप, आमी कुठं गेलो ते कोणाला सांगितलं न्हाई, अंगावर तरंगायचं कायच न्हाई. पोहायला मला येतं, विहिरीत. विहिरीला कठडा असतो.

ऊन चढलं. खाली पाणी, चारी बाजूला पाणी, अन् घशात काटे. दादानं एकदा ओंजळीनं समुद्राचं पाणी तोंडात घेतलं अन् सगळं ओकला. मंग कॅन काढलं. खरं सांगतो, ते कॅन तोंडाला लावताना मला मायचा असा राग आला की डोळ्यात पाणी आलं. तिचंच खरं निघालं म्हणून राग. घोट घोट करत दुपारपोहोत पाणी संपलं. शेवटचा घोट दादाला दिला अन् झाकण मी रागानं समुद्रात फेकून मारलं, जसं काय समुद्राला लागणार व्हतं. मंग दादा म्हणे, कोणाला तरी दिसायला पाहिजे. राहिलेलं वल्हं उभं करून होडीच्या आडव्या फळीला दोरीनं आवळलं, वर दादाचा सदरा बांधला, अन् पिवळा रंग लांबून दिसतो म्हणून त्याच्याखाली कॅन बांधलं, उघड्या तोंडानं.

दुपारनंतर वारा सुटला. लाटा होडीत येऊ लागल्या. दादा जेवणाच्या डब्यानं पाणी उपसत व्हता, मी आरडत व्हतो. सगळी नक्कल काढली. कोंबडा काढला, बकरी काढली, कंडक्टर काढला. लांब एक-दोन होड्यांची टिंबं दिसायची, हलायची न्हाईत. घसा बसला तवा मी देवाला हाक मारायला लागलो, अन् इथं माझी खरी फजिती झाली. "हे नागनाथा" म्हटलं तर आवाज पुजाऱ्याचा निघाला. परत म्हटलं तर गावात दर साली येणाऱ्या कीर्तनकाराचा निघाला. तिसऱ्यांदा मायचा. सवयच ती. एवढी माणसं माझ्या तोंडात बसलेली, अन् मरायच्या टायमाला देवापुढं न्यायला माझा एक आवाज सापडंना. दादा पाणी उपसता उपसता वरडला, "अरे नक्कल काय करून राहिला, मरून राहिलो आपण!" मी खाली बसलो, डोकं गुडघ्यात घातलं. मंग कधी तरी एक फाटका, बारीक आवाज निघाला, पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा. म्हटलं, "नागनाथा, मला जमंना. तू बघ बाबा आता." एवढंच. पुढं काही मागायचं सुचलं न्हाई. वाऱ्याचा आवाज, सदऱ्याची फडफड, डब्याची खरखर. मनात एकदम निवांत झालं, अन् मला त्याचा बी जरा रागच आला, की ही काय निवांत व्हायची वेळ हाय का?

किती वेळ गेला ठाऊक न्हाई. आमी दोघं तोंड किनाऱ्याकडं करून बसलेलो, अन् पाठीमागून, उघड्या समुद्राकडून, इंजिनाचा आवाज आला. मासेमारीची मोठी बोट. तिच्यावरचा तांडेल, म्हणजे बोटीचा कारभारी, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, आधी आमच्या होडीत सगळीकडं नजर फिरवून बघत राहिला. मंग म्हणे, "बैल कुठाय?"

दादा म्हणे, "कसला बैल?"

"अरे बैल! जाळं ओढायला इंजिन बंद केलं व्हतं. मगाधरनं बैल हंबरतोय. ही पोरं म्हणाली भुताटकी हाय, चला परत. मी म्हटलं कुणाचा तरी मुका जीव खाडीतनं वाहून आला असंल. अन् बघतो तर हे दोन!"

आमाला वर ओढलं, होडी मागं बांधली, सगळं विचारून घेतलं, अन् मंग जी सुरुवात झाली ती बंदर येईपोहोत. "मरायचंच व्हतं तर तुमच्या गावात विहिरी नव्हत्या? ओहोटी लागलेली दिसत न्हाई? वारा बघितला? सांगून आलाव कुणाला? होडीत नाचायला ही काय वरात हाय? अन् हा म्हणे गुरुजी! पोरांना काय शिकवतोस रे, बुडायला?" दादा मान खाली घालून ऐकत व्हता. मी त्याला हळूच म्हटलं, "हे हेडमास्तरापेक्षा भारी हाय," तर दादानं मला कोपर मारलं.

पण माझं चित्त बैलात अडकलं व्हतं. मी बैल काढलाच न्हाई, मला येतच न्हाई. दादाच्या तर बापाला बी येत न्हाई. मी डेकवर बसलेलो, मांडीवर ते कॅन, वल्ह्यावरून सोडून आणलेलं. बोट वळली, वारा कॅनच्या उघड्या तोंडावर आडवा आला, अन् कॅन बारीक घुमलं, हूंऽऽ असं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. एवढासा आवाज, एवढ्या लांब, एवढ्या वाऱ्यात? आमाला जवळ बसून ऐकू आला न्हाई, अन् त्यांना तिकडं गेला? असंल बी. वाऱ्याच्या खालच्या अंगाला आवाज लांब जातो म्हणतात. मी कोणाशी भांडत न्हाई. फक्त एक सांगतो. बाकी ठिकाणी नंदी महादेवाच्या पुढं बसतो, आमच्या औंढ्याला त्यो देवळाच्या मागं हाय. अन् ती बोट आमच्या पाठीमागूनच आली. ह्याच्या पुढं माझं डोकं चालत न्हाई, अन् मी चालवत बी न्हाई. ज्याच्या हातात वल्हं नव्हतं, पाणी नव्हतं, सोताचा आवाज बी धड नव्हता, त्याला कोणी तरी ऐकलं. तवापासून सोमवारी मायसंगं औंढ्याला जातो. तिथं नक्कल करत न्हाई. जो फाटका आवाज निघतो त्यानंच बोलतो, अन् बोलायला लई नसतंच. तूच बघ म्हणतो, अन् बसतो.

घरी आल्यावर मायला सगळं सांगितलं. तांडेलाचा आवाज काढला, दादाचा काढला, नागनाथाला काय म्हटलं तिथं मात्र माझाच निघाला. ती चुलीपुढं बसून ऐकत व्हती. भाकर करपून राहिली तरी उलटली न्हाई. सगळं संपल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला, कॅन जवळ घेतलं, वरून खालून हात फिरवला. मला वाटलं आता ही ते देव्हाऱ्यात ठेवणार.

म्हणे, "झाकण कुठंय?"

म्हटलं, "फेकलं."

"फेकलं? काहून फेकलं? आण म्हणजे आण म्हटलं व्हतं ना तुला? शेजारीण मागायची तर तिला दिलं न्हाई म्या हे कॅन. देवानं वाचवलं ते वाचवलं, झाकण फेकाय का देवानं सांगितलं व्हतं? आता ह्याला काय माझ्या कपाळाचा बोळा लावू? अन् त्या गज्याला पण येऊ दे दिवाळीला, दाखवते. ऊठ मुडद्या, बघतो काय? हापशावर जाय, पाणी भरून आण. अन् सांडू नको!"