उत्तरेला डोकं

माणसाला झोपायला शिकवावं लागतं हे मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. आणि शिकवायचं कुणाला, तर आमच्या यांगनिमताईला! जिने जन्मात कधी कुणाचं काही ऐकलेलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती या खाडीकाठी आली, आणि पन्नास वर्षं तिने गाळात शिंपल्या काढल्या. ओहोटी लागली की बायका लांब फळ्या घेऊन गाळात उतरतात. डावा गुडघा फळीवर टेकायचा, समोर घमेलं ठेवायचं आणि उजव्या पायाने मागे गाळ ढकलायचा, की फळी सरसर पुढे जाते. बघायला मजा वाटते. करणारीच्या गुडघ्याला विचारा! ताईच्या डाव्या गुडघ्याची तर पार वाट लागली. सप्टेंबरात इस्पितळात तो काढून नवा बसवला.

डॉक्टर पोरगेलासा होता, पण बोलायला स्वच्छ. म्हणाला, "आजी, आता जमिनीवर झोपायचं नाही, बसायचं नाही. पलंगावर झोपायचं. पाय सरळ. उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली ठेवलीत तर पाय तसाच वाकडा राहील."

"बरं बरं," ताई म्हणाली. ताईचं 'बरं बरं' म्हणजे 'तू बोल, मी करायचं तेच करीन.' मला ते ठाऊक होतं, डॉक्टरला नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा चांगसॉप आन्सान शहरात असतो, चौदाव्या मजल्यावर. त्याने मला फोन केला. "मावशी, सहा आठवडे तू राहा आईजवळ. बेचाळिसाव्या दिवशी मी येतो. ती एकटी पलंगावर झोपली, एकटी उठून मोरीत गेली, तर राहू दे तिथेच. नाहीतर मी तिला इकडे घेऊन येणार. मग रडारड चालणार नाही."

ताईला हे सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागे एकदा ती अकरा दिवस आन्सानला राहून आली होती. "लिफ्टमध्ये रोज माणसं भेटायची," ती म्हणाली, "पण एकानेसुद्धा विचारलं नाही, बाई, कुठे निघालीस? मला नाही जायचं तिथं. इथे निदान मुरेवाली दिवसातून चारदा डोकावते." मुरेवाली म्हणजे शेजारीण. मुरे तिचं माहेर. आमच्याकडे बायकांना माहेरच्या गावावरूनच हाक मारतात, खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवत नसेल.

म्हणजे ताईला राहायचं होतं आणि त्यासाठी फक्त झोपायचं होतं. इतकं सोपं! नुसतं पलंगावर आडवं व्हायचं. जगातली सगळी माणसं करतात.

पलंग चांगसॉपनेच पाठवला, दगडी. वरून गुळगुळीत दगडाची फरशी, खालून वीज लावली की तापते. सहा माणसांनी उचलून भिंतीला लावला, सगळा गाव बघायला आला, आणि मुरेवाली त्याच्यावर बसून म्हणाली, "बाई गं, यावर राणीसारखी झोपशील!"

राणी कसली झोपते! दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर पलंगभर लाल मिरच्या पसरलेल्या आणि ताई खाली जमिनीवर, नेहमीची गादी घालून.

"हे काय?"

"मिरच्या वाळायला हव्यात. दगड छान तापतो."

"तो पलंग तुझ्यासाठी आहे!"

"मी पडले तर? चौऱ्याहत्तर वर्षं जमिनीवर झोपले. जमिनीवरून कुणी पडत नाही."

आता तिला उठवायचं कसं? नवा गुडघा टेकता येईना, जुना टेकला तरी वर येईना. मी बगलेत हात घालून ओढलं तर माझीच कंबर लचकली. शेवटी मुरेवालीला हाक मारली. दोघींनी मिळून ओढली आणि तिघीही गादीवर कोसळलो. मुरेवाली हसून हसून लोळायला लागली. मला मात्र रडू आलं, खरं सांगते. तिकडे माझ्या घरी, ग्वांगजूला, नवरा एकटा. रोज फोन करतो, तांदूळ कुठे आहेत म्हणून. जिथे चाळीस वर्षं आहेत तिथेच आहेत रे बाबा! आणि इथे ही बाई मिरच्यांना पलंग देऊन जमिनीवर झोपतेय.

मिरच्या मी अंगणात नेऊन टाकल्या आणि तिला दमदाटी करून पलंगावर निजवलं. उताणी झोपली की म्हणायची, "अशी मेल्यावर झोपवा." कुशीवर वळली की पायांत उशी हवी, ती उशी सरकली की "अगं, उशी!" मी उशी लावायची, दहा मिनिटांनी "अगं, उकडतंय!" वीज बंद केली की "दगड गार पडला!" टाचेखाली चादरीची घडी ठेवली तर टाच बधिर होते, काढली तर पोटरी ओढते. एवढं सगळं झाल्यावर माझा जरा डोळा लागावा तर हिचा आवाज, "धाकटे, झोपलीस का?" नाही हो ताई, झोपते कसली! तुमच्यासाठी नाचतेय!

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. त्याने गुडघा दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. पाय सरळ होत नव्हता. पलंग आणि गुडघा यांच्या मधून माझी मूठ आरपार जात होती.

"गुडघ्याखाली काही ठेवता का?"

"छे," ताई म्हणाली.

मी घरी येऊन तिचं पांघरूण झटकलं. आतून वारलेल्या मेहुण्यांची जुनी लाकडी ठोकळ्याची उशी धाडकन पडली. ही बाई मी झोपले की ती गुडघ्याखाली सरकवायची!

"अगं, तेवढंच बरं वाटतं," ती म्हणाली.

"बरं वाटतं! डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस का? पाय सरळ झाला नाही तर पुन्हा भूल देऊन सरळ करणार. आणि चांगसॉप येऊन तुला उचलून नेणार. चौदावा मजला! आठवतंय ना?"

तिने पांघरूण परत मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मला भीती वाटते गं पडायची. कशाला तरी धरल्याशिवाय डोळाच मिटत नाही."

एवढी साधी गोष्ट तीन आठवड्यांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली. मला राग आला आणि कीवही आली. बापाच्या दारूलाही न भिणारी ही माझी ताई, दीड हात उंचीच्या पलंगाला भीत होती.

उपाय मुरेवालीला सुचला. "तिची फळी लाव ना कडेला," ती म्हणाली. ताईची फळी अजून गोठ्यात टेकवून ठेवलेली होती. आम्ही ती धुतली, पलंगाच्या मोकळ्या कडेला, दोन्ही टोकांना उतरण्यापुरती जागा सोडून, उभी करून दोऱ्यांनी आवळली. झाली कठड्यासारखी. खोलीभर गाळाचा वास सुटला. ताईने फळीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. मला वाटलं, सुटले! मी मुरेवालीला मिठीच मारली.

सकाळी बघते तर ताई फळीकडे वळलेली, आणि डावा पाय? पार दुमडलेला. गुडघा फळीला चिकटलेला. झोपेत बाई गाळात उतरली होती!

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जागी असली की पाय सरळ ठेवायची, डोळा लागला की गुडघा आपोआप फळीवर. मी पाय सरळ करायचे, तो परत जायचा. फळी काढली की झोप नाही, ठेवली की पाय वाकडा. मी कपाळ बडवून घेतलं. "तुझ्या गुडघ्यात नवं लोखंड घातलं की जुनंच भूत बसवलं गं?"

चौथ्या आठवड्यात भाजी निवडता निवडता माझ्या डोक्यात आलं. फळी डावीकडे येते म्हणून डावा गुडघा जातो. ती उजवीकडे आली तर? उजवा पाय तिचा कायम ढकलायचा, तो कधी फळीवर टेकलाच नाही. पण पलंगाची दुसरी कड भिंतीला, आणि पलंग हलवायला सहा माणसं हवीत. मग एकच राहिलं. उशी पायथ्याला न्यायची.

"म्हणजे डोकं उत्तरेला?" ताई ताडकन उठून बसली. "वेड लागलंय का तुला? उत्तरेला डोकं मढ्याचं करतात!"

"मग जा आन्सानला. तिथे तुझं डोकं पूर्वेला करून झोपवतील."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मुरेवालीनेही कानाला हात लावले. म्हणाली, "नको बाई, सासऱ्याला नेलं तेव्हा असाच ठेवला होता." मी म्हटलं, तू गप्प बस, फळीची अक्कल तुझीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेले तर ताई उशी हातात धरून पायथ्याशी उभी.

"ठेव इकडे," ती म्हणाली. "मेलेच तर माझ्या घरात मरेन. चौदाव्या मजल्यावरून तर मला उभी करून लिफ्टमधून खाली आणतील."

उशी ठेवली. ती उताणी झाली, उजव्या हाताने फळी धरली. डोळे मिटले. अर्ध्या तासाने पांघरूण उचलून पाहिलं. डावा पाय सरळ! घडी टाचेखाली, गुडघा मोकळा. मी तिथेच बसून घेतलं आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडले.

त्यानंतर पाय रोज थोडा थोडा खाली येत गेला. शेवटच्या आठवड्यात गुडघ्याखालून माझं बोटसुद्धा जाईना. फळीला धरून ती एकटी उठायला लागली. मी पाठीमागे उभी राहिले तर म्हणायची, "सर बाजूला, वारा अडतोय."

बेचाळिसावा दिवस रविवारी होता. चांगसॉप आला शनिवारी, सकाळी सातला, न सांगता. पहाटे तीनला निघून थेट गाडी हाणत आला म्हणे. मी परसात मुळे धूत होते. त्याने दाराबाहेर बूट काढले आणि सरळ आईच्या खोलीत गेला.

आणि मग जे रडणं ऐकलं! मुळा माझ्या हातातून सुटला. मी धावत गेले.

त्याने काय पाहिलं ते मला दारातून एका नजरेत कळलं. आई उत्तरेला डोकं करून उताणी, अगदी सरळ. गारठा नको म्हणून पांढरं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं. समोर फळी उभी, मयतासमोर आडोसा करतात तशी. हालचाल नाही. पन्नाशीचा बाप्या जमिनीवर गुडघे टेकून कपाळ फळीवर आपटत होता.

"आई! उठ गं आई! मी नाही नेणार तुला! इथेच राहा, तुला पाहिजे तिथे राहा! मी कुठे म्हणून नेणार नाही, उठ ना!"

मी तोंड उघडलं, "अरे गाढवा..." आणि थांबले. कारण ताईचा डावा डोळा उघडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळा परत मिटून घेतला.

पोरगा रडतच होता. मी तिला खुणावलं, पुरे आता. ती ऐकेल तर शपथ! चांगलं आणखी दोन मिनिटं ऐकलं तिने. त्यात त्याने तीन वेळा माफी मागितली, पलंग पाठवल्याची सुद्धा.

मग ती डोळे मिटूनच म्हणाली, "नक्की नेणार नाहीस?"

चांगसॉप मागे पडला तो थेट कपाटावर आपटला.

"सहा आठवड्यांत आज कुठे धड झोप लागली होती," ताई म्हणाली, "ती मोडलीस." तिने फळी धरली, कुशीवर झाली, पाय खाली सोडले आणि उभी राहिली, एकटी. तशीच चालत मोरीत जाऊन आली. तो जमिनीवर बसून नुसता बघत होता, नाक गळतंय त्याचंही भान नाही.

मला आता चेव आला. सहा आठवड्यांचा सगळा राग मी त्याच्यावर काढला. "डोळे आहेत की खोबणी? श्वास चाललेला दिसत नाही? हात लावून बघायचं नाही? झोपलेलं माणूस आणि मेलेलं माणूस कळत नाही तुला?"

"कसं कळणार, मावशी?" तो म्हणाला. "मी आईला झोपलेली कधी बघितलीच नाही."

खरंच होतं ते. पहाटेची ओहोटी असली की तो उठायच्या आत ही गाळात गेलेली. रात्रीची असली की तो झोपल्यावर परत आलेली. सणाला, आजारपणात, त्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सगळ्यांच्या आधी उठून चुलीशी. पन्नास वर्षांच्या मुलाने आपली आई झोपेत कशी दिसते ते आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं.

ताई पलंगाच्या काठावर टेकली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. नाक पुसायला त्याच्याकडे उशीवरचा पंचा फेकला.

"मग बस आता," ती म्हणाली. "आणि बघ." तिने पाय वर घेतले, टाच घडीवर नीट ठेवली आणि डोळे मिटले.