खोट्या विद्यार्थ्यांचा तास

"मले समजून नाही राह्यलं, मॅडम."

हे म्हणणारे गृहस्थ इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक होते. पेठेतल्या एका जुन्या संस्थेच्या कॉलेजात माझी मुलाखत चालली होती आणि ते विषयतज्ज्ञ म्हणून बसले होते. म्हणताना त्यांनी मान वाकडी केली. तोंड अर्धवट उघडं ठेवलं. दोन्ही हात मांड्यांमध्ये घातले. शेजारी बसलेले संस्थेचे सचिव हसले. विभागप्रमुख बाईंनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. मी फळ्यापाशी उभी. हातात मार्कर.

मी वाशीम जिल्ह्यातली. माझी आई असंच बोलते.

आता पहिल्यापासून सांगते.

मी कात्रजला राहते, एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत. प्राध्यापक व्हायला लागते ती सेट परीक्षा पास झालेली आहे. शहराबाहेरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर उपाशी. मे महिन्यात मला कोणी ओळखत नाही. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. कायम नोकरी लागली की आईला गावाहून आणायचं, एवढं एकच ठरवून मी इतकी वर्षं पुण्यात काढली. आई गावात अंगणवाडीची मदतनीस आहे. गुडघे गेलेत तिचे.

त्यामुळे कायम जागेच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला आधी शंका आली. माणूस आधीच ठरलेला असणार, आम्हाला रकाना भरायला बोलावलं असणार. मी संशयी आहे. जन्माला आले तेव्हा नव्हते. पुण्यात पहिल्या वर्षी नारायण पेठेत एका बाईंकडे पेइंग गेस्ट होते. एकदा मी "काहून?" म्हणाले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे का म्हणतात. एका अक्षरात काम होतं." तेव्हापासून मी बोलायच्या आधी प्रत्येक शब्द तपासून घेते. समोरच्याचाही तपासते. कोणी म्हणालं, "तुम्ही विदर्भातल्या अजिबात वाटत नाही हो," की ते कौतुक मी घेत नाही, बाजूला ठेवते.

मुलाखतीला वेळेआधी पोचले. बाहेर टेबलावर बसलेला क्लार्क वर न बघता म्हणाला, "लवकर आलात म्हणून लवकर घेणार नाहीत." बाकावर आणखी उमेदवार होते. चहा आला. मला कागदी कपात. मी लगेच बाकीच्यांच्या हातांकडे पाहिलं. सगळ्यांना कागदी कपच होते. जिवाला बरं वाटलं, आणि मग आपण पाहिलं याचाच राग आला. चहासुद्धा मला सुखाने पिता येत नाही.

आत गेले. सचिवांनी अर्ज चाळला.

"आडनाव कुठलं म्हणायचं हे?"

मी गाव सांगितलं.

"गाव नाही हो, आडनाव." मग स्वतःच, "असो, असो." त्यांनी पान उलटलं. "ही खुली जागा आहे. कल्पना आहे ना आपल्याला?"

"हो. जाहिरात वाचूनच अर्ज केलाय."

"नाही, राखीव जागाही निघतात अधूनमधून. तिकडे सोपं जातं, म्हणून विचारलं."

आवाज अगदी मऊ. कोणी बाहेरून ऐकलं असतं तर म्हणालं असतं, किती काळजीने विचारतात. माझे कान तापले. मी हसले. हो, हसले. नोकरी हवी होती.

मग डेमो. मुलाखतीत उमेदवाराला दहा-पंधरा मिनिटं शिकवून दाखवावं लागतं. समोर विद्यार्थी नसतात, म्हणून समितीच विद्यार्थी होते. सगळीकडे हीच पद्धत. समितीतले लोक हात वर करतात, मुद्दाम चुकीचं उत्तर देतात, उमेदवार कसा सांभाळून घेतो ते बघतात. मला विषय दिला, नाउन फ्रेज आणि वाक्यातलं तिचं काम.

हा विषय माझ्या हातचा आहे. माझ्या वर्गातली मुलं-मुली कामं करून शिकतात. कोणी हिंजवडीतल्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, कोणी कंपनीच्या गेटवर उभा असतो. त्यांना मी व्याख्या आधी सांगत नाही. नाम असतं, त्याच्या मागेपुढे शब्द चिकटलेले असतात, आणि तो सगळा घोळका मिळून वाक्यात एकच काम करतो. घोळका ओळखायचा कसा? सगळा काढून त्या जागी 'तो', 'ती' किंवा 'ते' ठेवून बघायचं. वाक्य उभं राहिलं तर घोळका बरोबर धरलात. मग विचारायचं, हा घोळका इथे काय करतोय? काम करणारा आहे, की काम सोसणारा? की आधी आलेल्याबद्दल काही सांगतोय? की एखाद्या प्रिपोझिशनच्या मागे उभा आहे?

मी फळ्यावर लिहिलं, द क्राउडेड बस फ्रॉम कात्रज केम लेट. कात्रजहून येणारी गच्च बस उशिरा आली. बस कर्ता. मग तोच घोळका उचलून दुसऱ्या वाक्यात नेला. आय मिस्ड द क्राउडेड बस फ्रॉम कात्रज. आता बस कर्म. शब्द तेच, जागा बदलली, काम बदललं. माझा आवाज लागला होता. विभागप्रमुख बाई मान डोलावत होत्या. मला वाटलं, बहुतेक आपण उगाच संशय घेतो.

तेवढ्यात विषयतज्ज्ञांनी हात वर केला. "मॅडम, मी एक वाक्य देऊ?"

"द्या ना, सर."

"द कॅन्डिडेट फ्रॉम द रिझर्व्ह्ड कॅटेगरी वॉन्ट्स ॲन ओपन सीट. ओळखा बघू यातल्या नाउन फ्रेजेस."

राखीव प्रवर्गातल्या उमेदवाराला खुली जागा हवी आहे. खोलीत पंखा फिरत होता. सचिव टेबलावरच्या कागदाकडे बघत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला काहीतरी धरता आलं असतं. हे साधं व्याकरणाचं उदाहरणही असू शकत होतं. अशा लोकांची ताकद तिथेच असते. आपण बोललो की आपणच मनात काहीतरी धरून बसलेले ठरतो.

मी लिहिलं. पूर्ण वाक्य, सुवाच्य अक्षरात. उमेदवारापासून कॅटेगरीपर्यंत एक रेघ ओढली आणि म्हणाले, हा सगळा एक घोळका, हा कर्ता. ओपन सीट, कर्म. रिझर्व्ह्ड कॅटेगरी हा आतला छोटा घोळका, 'फ्रॉम'च्या मागे. मी माझीच चिरफाड करून दाखवली आणि शेवटी "एनी डाउट्स?" असंही विचारलं. नोकरीसाठी माणूस काय काय करतो.

आणि त्यावर ते म्हणाले, "मले समजून नाही राह्यलं, मॅडम."

आता हसले सगळे. आता संशयाला जागा उरली नाही. मला एकदम हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं जे नुसतं वाटत होतं ते समोर खुर्चीत बसून मान वाकडी करून बोललं होतं.

पण पाठोपाठ वैशाली आठवली. वैशाली माझ्या वर्गातली, यवतमाळकडची, हिंजवडीच्या त्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी. जुलैत ती वर्गात उभी राहिली होती. बोटं ओढणीत गुंडाळलेली. सगळा वर्ग गप्प असताना म्हणाली होती, "मॅडम, मले समजून नाही राह्यलं." हेच वाक्य. अक्षर न अक्षर. ते म्हणायला तिला किती बळ एकवटावं लागलं असेल ते मला माहीत आहे, कारण मी माझ्या कॉलेजच्या वर्षांत ते एकदाही म्हणू शकले नव्हते. न समजलेलं तसंच गिळून घरी नेत होते. वैशाली उभी राहिली म्हणून त्या दिवशी अर्ध्या वर्गाला समजलं.

आणि हे गृहस्थ तिचं वाक्य तोंडात घालून चघळत होते.

मी मार्करला टोपण लावलं.

"सर, तुम्हाला समजलेलं आहे. मी पुढे शिकवणार नाही."

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "अहो, रोल प्ले आहे तो. विद्यार्थी झालेत ते."

"विद्यार्थीच व्हायचं होतं तर पुण्यातला का नाही झालात, सर?"

ते हात मांड्यांमधून काढून नीट बसले. मग सचिव म्हणाले, "फार मनाला लावून घेता तुम्ही लोक."

तुम्ही लोक. मी एकटीच उभी होते तिथे.

मी डस्टर घेतलं आणि ते वाक्य पुसलं. बसची दोन्ही वाक्यं ठेवली, ती माझी होती. पिशवी उचलून बाहेर आले. कठड्याला धरून जिना उतरले. बहादुरी वगैरे काही वाटत नव्हतं. नोकरी गेली, एवढंच वाटत होतं.

कात्रजच्या बसमध्ये आईचा फोन आला.

"काय झालं वं?"

"गेली असन, माय."

"काहून?"

भरल्या बसमध्ये, लोकांच्या कोपरांमध्ये उभी राहून मी तिला सगळं सांगितलं, आमच्या बोलीत. पुण्यात कित्येक वर्षांनी इतक्या मोठ्याने. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. मी आवाज खाली आणला नाही.

आई म्हणाली, "बोलाले नको होतं." थोड्या वेळाने, "आता मे मईन्यात काय करशीन?" ती रागावली नव्हती. घाबरली होती. मला रडू आलं, कारण तिचं खरं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी विभागप्रमुख बाईंचा फोन आला.

"अहो, डेमो उत्तम झाला होता तुमचा. सगळ्यांचं एकमत आहे. फक्त एकदा येऊन सरांना भेटून जा. वयाने मोठे आहेत. दोन शब्द बोला, विषय संपला."

"कसले दोन शब्द, मॅडम?"

"ते मी सांगायला हवं का?"

"मी भेटले तर जागा मिळेल, असं मेलवर कळवाल का?"

"असं लेखी कोणी देतं का?" त्या हसल्या. "आपल्याच भल्याचं सांगतेय. विचार करा."

विचार केला. दोन रात्री केला. आईचे गुडघे डोळ्यांसमोर होते. जाऊन "चुकलं, सर" म्हटलं तर कदाचित जागा मिळेल. कदाचित मिळणारही नाही, नुसती गोष्ट उरेल त्यांच्याकडे, चहाबरोबर सांगायला. पण समजा मिळाली. मग त्या कॉलेजात माझ्यासमोर एखादी वैशाली उभी राहील, ओढणीत बोटं गुंडाळून, आणि तिच्या वाक्याची माफी मी आधीच मागून बसलेली असेन. तिला मी कुठल्या तोंडाने "पुन्हा सांगते" म्हणू?

तिसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. मी येणार नाही म्हणाले. अर्जही मागे घेणार नाही म्हणाले. "मग?" बाई म्हणाल्या. आवाजातला मऊपणा गेला होता.

मग काही नाही, मी म्हणाले. जागा खुली आहे आणि मी तिच्यासाठी पात्र आहे. नाकारायचं तर नाकारा. पण 'निवड झाली नाही' असं मोघम चालणार नाही. कोणी नाकारलं आणि कशासाठी, ते लिहा, खाली तिघांनी नावानिशी सही करा आणि माझ्या पत्त्यावर पाठवा. नाही पाठवलंत तर मी मागायला येईन. त्या क्लार्कच्या टेबलासमोर बसेन, उत्तर मिळेपर्यंत बसेन, आणि विचारेन माझ्या आईच्या बोलीत.